तारीख चुकली म्हणून लस खोटी ठरते का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचे वडील ७४ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे. डॉक्टरांनी त्यांना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितलं आणि वडील ठाम नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं, "कोरोनात यांचं एक भाकीत खरं निघालं नाही. १६ मेला रुग्ण शून्य होणार होते, १५ ऑगस्टला लस येणार होती, फेब्रुवारीत साथ संपणार होती. लस घेऊनही सगळ्यांना झाला. आणि आता कंपनीच कोर्टात कबुली देते. पुन्हा यांचं का ऐकू?" मुलाला वडिलांचं पटतं आणि त्यांची काळजीही वाटते. शंका बोलून दाखवली की मित्र लगेच 'लसविरोधक' म्हणून मोकळे होतात, तेही त्यांना खटकतं.

मी विदर्भात प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून लागलो आणि तालुका आरोग्य अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुमचे वडील ज्याला 'सरकार' म्हणतात त्याचं अगदी शेवटचं टोक मी होतो. वरून निघालेला कागद माझ्या टेबलावर यायचा आणि तिथून आशाताईंच्या पिशवीत जायचा. त्यामुळे हे उत्तर तटस्थ माणसाचं नाही. हे आधीच सांगून टाकतो.

पहिली गोष्ट, वडिलांची स्मरणशक्ती उत्तम आहे. २४ एप्रिल २०२० च्या पत्रकार परिषदेत निती आयोगाचे डॉ. व्ही. के. पॉल यांनी दाखवलेल्या आलेखात नव्या रुग्णांची रेघ १६ मेला खरोखरच शून्यावर टेकली होती. प्रत्यक्षात त्या दिवशी देशात चार हजारांच्या आसपास नवे रुग्ण निघाले, आणि नंतर 'गैरसमज झाला' असा खुलासा आला. १५ ऑगस्टचं पत्र खरं आहे. फेब्रुवारीचा अंदाजही खरा आहे, म्हणजे तो वर्तवला गेला होता हे खरं आहे. वर त्यात मी एक भर घालतो. ७ मार्च २०२१ ला तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले की देशात साथीचा खेळ आता शेवटाला आला आहे. तेव्हा आमच्या शेजारी अमरावतीत २२ फेब्रुवारीपासूनच पुन्हा लॉकडाऊन लागलेला होता. दिल्लीत खेळ संपत होता आणि आम्ही बंद केलेल्या कोविड केअर सेंटरच्या गाद्या पुन्हा उन्हात टाकत होतो.

तेव्हा तुम्ही दोघं शंका घेता म्हणून कुणी नाव ठेवत असेल तर ठेवू द्या. माझी अडचण वेगळी आहे. वडिलांनी तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. एक असतो वायदा: अमुक तारखेला अमुक देऊ. दुसरा असतो अंदाज: गणित मांडून पुढे काय होईल ते सांगणं. आणि तिसरं असतं मोजमाप: इतक्या माणसांना दिलं, इतक्यांना आजार झाला. तिन्हींवर शंका घ्यायची, पण तिन्ही तपासायची रीत वेगळी. पोतं एकच धरलं तर वायद्याच्या पापाची शिक्षा मोजमापाला होते.

वायद्यापासून सुरुवात करू, कारण तो तपासायला डॉक्टर लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. २ जुलै २०२० च्या पत्रात आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १२ रुग्णालयांना कळवलं की ७ जुलैपर्यंत स्वयंसेवकांची नोंदणी सुरू करा, सर्व चाचण्या पूर्ण करून १५ ऑगस्टपर्यंत कोव्हॅक्सिन ही लस लोकांसाठी आणायचा मानस आहे. त्या बारांत नागपूरचं एक होतं, म्हणून आमच्याकडे ते पत्र लगेच फिरलं. मी आणि आमचा फार्मासिस्ट औषधाच्या खोलीत उभ्या उभ्या बोटं मोजू लागलो. पहिल्या टप्प्यात दोन डोस, मध्ये १४ दिवस. पहिला ७ जुलैला दिला तर दुसरा २१ ला. प्रतिपिंडं तयार झाली का ते पाहायला आणखी दोन आठवडे, म्हणजे ४ ऑगस्ट. उरले ११ दिवस. त्यात दुसरा टप्पा आणि तिसराही. तिसऱ्या टप्प्यात तर हजारो लोकांना टोचून त्यांच्यातले किती आजारी पडतात याची नुसती वाट पाहायची असते. आजार काही पत्राला घाबरून लवकर होत नाही. फार्मासिस्ट म्हणाला, "साहेब, यात रविवारही धरलेले दिसत नाहीत." त्या तिसऱ्या टप्प्यात पुढे सुमारे २५,८०० स्वयंसेवक घेतले गेले, आणि त्याचा पहिला अंतरिम निकाल जाहीर व्हायला ३ मार्च २०२१ उजाडला.

दुसरा मोठा वायदा १३ मे २०२१ चा. ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत देशात २१६ कोटी डोस उपलब्ध होतील असं सांगण्यात आलं. आठ लसींची यादी होती. त्यातल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन तेव्हा हातात होत्या, स्पुटनिक येऊ घातली होती. उरलेल्या पाच अजून चाचणीत किंवा परवान्याच्या रांगेत. त्या पाचांपैकी एकही डिसेंबरअखेरपर्यंत माझ्या आयएलआरमध्ये, म्हणजे लस ठेवायच्या फ्रिजमध्ये, आली नाही. जून संपायच्या आत सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात आकडा १३५ कोटींवर आणला. प्रत्यक्ष टोचले गेले ते त्या पाच महिन्यांत शंभर कोटींच्या थोडे आतच.

मला याचा राग अजून आहे, आणि तो आकडा चुकला म्हणून नाही. २१ ऑक्टोबर २०२१ ला शंभर कोटी डोस पूर्ण झाले. नऊ महिन्यांत. आमच्या नर्सबाई खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर लटकवून शेताच्या बांधावर गेल्या, शेतात राबणाऱ्या बायकांना तिथेच टोचून आल्या. ही कुठल्याही देशाने मिरवावी अशी गोष्ट होती. पण आधी २१६ सांगून ठेवल्यामुळे खरी कमाईसुद्धा उधारी चुकवल्यासारखी दिसली. वायदा करणाऱ्याला टाळ्या त्याच दिवशी मिळतात. तो बुडाला की गावातल्या माणसासमोर उभं राहायचं काम आशाताईचं.

तेव्हा तारखेसकट आकडा ऐकला की माझा एकच प्रश्न असतो: हे व्हायला मधले टप्पे कोणते, आणि प्रत्येकाला कमीत कमी किती दिवस लागतात? उत्तर तारखेच्या पलीकडे जात असेल तर तो वायदा सोडून द्यायचा. लस मात्र सोडायची नाही. ती १५ ऑगस्टला आली नाही यावरून ती काम करते की नाही हे कळत नाही, एवढंच कळतं की ती १५ ऑगस्टला आली नाही.

अंदाजाबद्दल थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने 'सुपरमॉडेल' मांडलं. सप्टेंबरात शिखर होऊन गेलं, आणि खबरदारी अशीच चालू राहिली तर फेब्रुवारीपर्यंत साथ जवळपास आटोपेल, असं त्यांचं म्हणणं होतं. या वाक्यातला 'तर' पाहा. बातमीत तो दुसऱ्या परिच्छेदात गेला, टीव्हीवर पोचेपर्यंत गळून पडला, आणि लग्नाच्या पत्रिका छापल्या गेल्या. शिवाय अशा प्रत्येक गणिताच्या पोटात एक न बोललेलं गृहीत असतं की विषाणू तोच राहील. तो राहिला नाही, डेल्टा आला. गणित चुकलं म्हणण्यापेक्षा गणितातलं गृहीत मोडलं म्हणणं जास्त बरोबर. पण ते गृहीत लोकांना मोठ्याने सांगायची जबाबदारी कुणाची होती, हा तुमच्या वडिलांचा प्रश्न असेल तर मी त्यांच्या बाजूला उभा आहे. हवामान खातं सांगतं त्या पावसावर आमचा शेतकरी पेरणी करतो का? करतो, पण ओल बोटाने पाहून. अंदाज तेवढ्याच कामाचा.

आता मोजमाप. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे चूक माझी आहे.

कोव्हॅक्सिनचंच घेऊ, कारण तिच्यावर सर्वांत जास्त शंका घेतली गेली आणि ती रास्त होती. ३ जानेवारी २०२१ ला तिला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्यातला परिणामकारकतेचा एकही आकडा हाती नव्हता. परवानगीचे शब्दच 'क्लिनिकल ट्रायल मोड', म्हणजे चाचणीच्या पद्धतीने, असे होते आणि घेणाऱ्याकडून संमतीपत्र लिहून घ्यावं लागत होतं. ज्या डॉक्टरांनी तेव्हा 'थांबतो' म्हटलं त्यांना मी अडाणी म्हणणार नाही. पण पुढे मोजमाप आलं. चाचणीत १३० जणांना लक्षणांसह कोरोना झाला. त्यातले १०६ खोटी, म्हणजे लस नसलेली, सुई मिळालेल्या गटातले, २४ लस मिळालेल्या गटातले. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे. ७७.८ टक्के हा आकडा यातून आला. यात वायदा नाही, भाकीत नाही. झालेल्या गोष्टीची मोजणी आहे.

पण मोजलं काय, ते बघा. 'लक्षणांसह आजार', काही महिने, आणि तेव्हा फिरत असलेल्या विषाणूविरुद्ध. लस घेतल्यावर आयुष्यात कधी कोरोना होणार नाही असं त्या चाचणीने म्हटलं नव्हतं. कोव्हिशील्डच्याही नाही.

ते म्हटलं मी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लोक लस घ्यायला कचरत होते. वरून रोज संध्याकाळी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, विचारणा व्हायची, टार्गेट किती झालं. एका ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवर वाजवायला मी माझ्या आवाजात एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून दिलं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, "लस घ्या, कोरोना होणार नाही." मला खरं काय ते माहीत नव्हतं असं नाही. 'होण्याची शक्यता कमी होते' हे वाक्य भोंग्यावर नीट वाजत नाही, असं मला वाटलं. म्हणून ते कापलं. सकाळ-संध्याकाळ कचऱ्यासोबत ते गावभर फिरलं.

तिथल्या ग्रामसेवकाने आघाडीचा कर्मचारी म्हणून फेब्रुवारीत पहिला आणि मार्चमध्ये दुसरा डोस घेतला होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो पॉझिटिव्ह आला. घरीच राहिला, पाच दिवस ताप, सॅच्युरेशन कधी ९५ च्या खाली गेलं नाही, बरा झाला. वैद्यकीयदृष्ट्या लसीने आपलं काम चोख केलं होतं. पण ४५ वर्षांवरच्या लोकांसाठी त्या गावात सत्र लावलं तेव्हा चार जण आले. व्हायल दहा डोसची, एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेलं फेकायचं. सिस्टर माझ्याकडे बघतेय, मी रस्त्याकडे बघतोय. शेवटी पारावरच्या एका म्हाताऱ्याला मी हटकलं तर तो म्हणाला, "सायेब, तुमची गाडी त सांगे का लस घेतली का कोरोना होत नाही. मंग ग्रामसेवकाले कसा झाला?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे उत्तर होतं, पण ते आता सारवासारव वाटणार होतं. 'गैरसमज झाला' म्हणणाऱ्यांत आणि माझ्यात मग फरक काय राहिला?

आठवड्याने ग्रामसेवकालाच घेऊन मी त्या पारावर बसलो. माझी चूक झाली हे आधी सांगितलं. मग नवं रेकॉर्डिंग केलं: लस घेऊनही कोरोना होऊ शकतो, पण ऑक्सिजन लावायची पाळी येण्याचा धोका बराच कमी होतो, ताप आला तर लपवू नका. वरून फोन आला की असं नकारात्मक कशाला सांगता. मी ते तसंच वाजू दिलं. जूनपर्यंत त्या गावात रांग लागू लागली. ती माझ्या खरेपणामुळे लागली असं म्हणायला मला आवडेल, पण मध्ये मे महिना गेला होता आणि त्या गावातून सहा तिरड्या निघाल्या होत्या. रांग कशामुळे लागली हे मी छातीठोकपणे सांगत नाही. इतरांच्या अंदाजावर शंका घ्यायची आणि स्वतःच्या गोष्टीवर घ्यायची नाही, असं कसं चालेल?

त्याच वर्षी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. बहुतेकांनी कोव्हिशील्ड घेतली होती, आणि काळ दुसऱ्या लाटेचा. दोन डोस झालेल्यांत संसर्गापासून संरक्षण ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के. हे तीन आकडे वडिलांना ओळीने वाचून दाखवा. "लस घेऊनही सगळ्यांना झाला" हे त्यांचं वाक्य पहिल्या आकड्याबद्दल आहे, आणि ओमिक्रॉन आल्यावर तो आकडा आणखी घसरला हेही खरं. पण लस ज्याच्यासाठी होती तो तिसरा आकडा होता. आम्ही लोकांना पहिला विकला.

इथवरचं एका दमात: वायदे बहुतेक पोकळ निघाले, अंदाजातला 'तर' हरवला, आणि मोजमाप बऱ्यापैकी ठीक असताना आम्ही ते फुगवून सांगितलं.

धोरण या तिन्हींहून वेगळं. त्यात विज्ञान असतं, पुरवठा असतो, राजकारण असतं, आणि चूक झाली तर भुर्दंड बहुतेक वेळा ठरवणाऱ्याला भरावा लागत नाही. कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर घ्या. आधी ४ ते ६ आठवडे, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८, आणि १३ मे ला १२ ते १६. हो, तोच २१६ कोटींचा दिवस. लोक म्हणाले, साठा संपला म्हणून अंतर वाढवलं. विज्ञान काय म्हणत होतं? चाचणीत ६ आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत परिणामकारकता ५५ टक्के होती, १२ आठवड्यांनी घेतलेल्यांत ८१. म्हणजे अंतर वाढवायला आधार होता. पण तो फेब्रुवारीतच छापून आला होता, आणि आठवण झाली ती मे महिन्यात, फ्रिज रिकामे असताना. दुसऱ्याच दिवशी, १४ मे ला, ब्रिटनने डेल्टाच्या धास्तीने पन्नाशीपुढच्यांसाठी तेच अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं. कोण बरोबर? ज्याच्याकडे भरपूर लस आहे त्याच्यासाठी एक उत्तर, ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी दुसरं. "लस कमी आहे, म्हणून आधी जास्त लोकांना एकेक डोस देतो" एवढं सरळ सांगितलं असतं तर माझ्या तालुक्यातल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. घरात दूध कमी असलं तर ती रोज हाच निर्णय घेते.

मुंबईच्या लोकलचं तर गणितच बसत नव्हतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून दुसरा डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच प्रवासाची मुभा मिळाली. आता महाराष्ट्रात तुटवड्यामुळे १८ ते ४४ वयाचं सरकारी लसीकरण मे महिन्यात थांबवलं होतं, ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. १९ जूनला पहिला डोस मिळालेल्या तिशीतल्या माणसाचा ८४ दिवसांनी, म्हणजे ११ सप्टेंबरला दुसरा, आणि २५ सप्टेंबरला लोकल. तोवर विरारहून दादरला त्याने कसं यायचं? ज्याला मे महिन्यात पैसे मोजून खाजगीत लस मिळाली तो आधी गाडीत बसला. वर डेल्टाच्या काळात लस घेतलेलाही संसर्ग देऊ शकतो हे तोवर दिसून आलं होतं. लसीवर माझा विश्वास असूनही या नियमावर नव्हता, आणि या दोन गोष्टी एकाच डोक्यात सुखाने राहू शकतात. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तसंच म्हटलं: कुणावर लसीची सक्ती करता येणार नाही, सरकारचं लसीकरणाचं धोरण मात्र अवाजवी नाही, आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा.

हे आपल्याकडे नवीनही नाही. २०२० च्या मार्चमध्ये राज्याने जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. त्याच वर्षी जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. लोकांचा संताप सोल्जरांनी घरात घुसून माणसं आणि देव्हारे बाहेर काढण्यावर होता. सुई आणि सोजीर यांतला फरक तेव्हाही धूसर झाला, आणि त्याची किंमत लसीने मोजली.

आता 'कंपनीची कबुली'. २०२४ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयातल्या कागदपत्रांची बातमी आली की अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस, म्हणजे आपली कोव्हिशील्ड, अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट कमी होणं असा विकार घडवू शकते. तुमच्या वडिलांना ती तीन वर्षं दडवलेली गोष्ट वाटली. पण युरोपच्या औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१ लाच हा दुष्परिणाम माहितीपत्रकात घालायला सांगितला होता. आपल्याकडेही दुष्परिणाम पाहणाऱ्या राष्ट्रीय समितीचा अहवाल १७ मे २०२१ ला जाहीर झाला: अशा गुठळीच्या संशयाची २६ प्रकरणं, दहा लाख डोसांमागे ०.६१. म्हणजे लपवलं नव्हतं. सांगितलं होतं का? माझ्या केंद्राच्या भिंतीवर हात धुण्याची सात पोस्टर होती, गुठळीच्या लक्षणांचं एकही नव्हतं. शिवाय आपल्याकडची नोंद रुग्णाने येऊन सांगण्यावर चालते. लस घेऊन आठ-दहा दिवसांनी डोकं फुटायला आलेला माणूस तालुक्याला मेडिकलमधून गोळी घेतो, लसीचा उल्लेखही करत नाही. जर्मनीत हे प्रमाण दहा लाखांमागे दहाच्या आसपास नोंदलं गेलं. आपल्याकडचा आकडा कमी आहे तो काही अंशी आपण कमी पाहिल्यामुळे असेल, असं माझं मत आहे. दहाच धरला तरी गुठळीची ती घटना लाखात एक. २०२१ च्या एप्रिलमध्ये ७० वर्षांच्या मधुमेही माणसाला कोरोनाने मरण्याचा धोका याच्या कितीतरी पट होता. विशीतल्या तंदुरुस्त पोराचं गणित वेगळं पडतं, म्हणून तर ब्रिटनने तरुणांना ती लस द्यायचं थांबवलं आणि दुसरी दिली. वय बदललं की उत्तर बदलतं.

वडिलांना खरोखर शंका घ्यायचीच असेल तर मी त्यांना याहून सकस जागा दाखवतो. मृत्यूंची मोजणी. देशात नोंदलेले एकूण मृत्यू २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख, २०२० मध्ये ८१ लाख, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी. २०२१ मधले अधिकृत कोरोना मृत्यू साडेतीन लाखांच्याही आत. उडीतला काही भाग नोंदणी सुधारल्याचा धरला, इतर आजारांना उपचार न मिळाल्याचा धरला, तरी उरतं ते फार मोठं आहे. आणि हा आकडा बाहेर यायला २०२५ उजाडलं. ही शंका लसीच्या बाजूने जाते की विरोधात, ते त्यांनाच ठरवू द्या.

शेवटी तुमच्या घरातला प्रश्न. इथे मी वडिलांना तपासलेलं नाही, तेव्हा काही गोष्टी त्यांच्या डॉक्टरांवरच सोडतो. साखर किती ताब्यात आहे, किडनी कशी आहे, दम्याचा किंवा तंबाखूचा इतिहास आहे का, आधी कुठल्या लसीनंतर अंगावर पुरळ, धाप किंवा हातापायांत लुळेपण आलं होतं का. यावर लस कोणती आणि कधी हे ठरतं. सर्वसाधारणपणे सत्तरीपुढच्या मधुमेही माणसाला मी दोन्ही सुचवतो.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू दरवर्षी कूस बदलतो. पुढच्या हंगामात कुठला फिरेल याचा आधी अंदाज बांधून ती बनवतात. हो, पुन्हा अंदाजच. तो जुळला त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, म्हाताऱ्या माणसांत त्याहून कमी. नाही जुळला तर आणखी कमी. वडिलांना हेच आकडे सांगा, गोल करून सांगू नका. न्यूमोनियाची लस बऱ्याच प्रकारची मिळते. काही एकदाच पुरतात, काहींनंतर दुसरी घ्यावी लागते. ती सगळे न्यूमोनिया थांबवत नाही, न्यूमोकॉकस नावाच्या एका जंतूच्या ठराविक जातींपुरती असते, आणि त्या जाती मधुमेही म्हाताऱ्यांना पाडणाऱ्या असतात. राष्ट्रीय लसीकरणात ती बाळांना दिली जाते. तुमच्या वडिलांच्या वयाला खाजगीत, खिशातून पैसे घालून घ्यावी लागते. सरकार ती त्यांच्या गळ्यात मारायला आलेलंच नाही, हे सांगून पाहा. कधी कधी याचाच उपयोग होतो.

त्यांच्याशी १६ मे आणि १५ ऑगस्टवरून वाद घालू नका, त्यात ते बरोबर आहेत आणि तुम्ही हराल. त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या: ही लस नक्की काय टाळते, माझ्या वयात किती टाळते, आणि घेतल्यावर काय झालं तर धावत यायचं. "काही होत नाही हो काका" एवढंच उत्तर मिळालं तर खुशाल दुसरा डॉक्टर पाहा.

सगळं ऐकूनही ते नाही म्हणाले तर जबरदस्ती करू नका. एवढं मात्र कबूल करून घ्या की या पावसाळ्यात अंगात ताप, कणकण आणि खोकला आला तर दुसऱ्याच दिवशी दाखवायचं. फ्लूवरची ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग होतो, आणि आमच्याकडे मधुमेही म्हातारे यायचे ते हमखास पाचव्या दिवशी.